एकोणीस-वीसचा फरक

अकरावीच्या फिजिक्स प्रॅक्टिकलला माझा ‘जी’ १०८२ आला होता.

ज्यांनी हे प्रॅक्टिकल केलंय, त्यांना इथेच हसू येईल. बाकीच्यांसाठी सांगतो. एक स्टँड, त्याच्या चिमट्यात मधोमध चिरलेलं बूच, बुचातून खाली सोडलेला एक मीटर दोरा आणि दोऱ्याला पितळी गोळा. गोळा जरासा बाजूला ओढून सोडायचा, वीस आंदोलनांना किती वेळ लागतो ते स्टॉपवॉचवर बघायचं, सूत्रात आकडे घालायचे, की गुरुत्वीय त्वरण, म्हणजे ‘जी’, मिळतं. सेंटिमीटरच्या हिशोबात ते ९८०च्या आसपास यायला हवं. हे पुस्तकात छापलेलं होतं, सरांना माहीत होतं, लॅब असिस्टंटला माहीत होतं, बहुधा फाटकाबाहेरच्या चहावाल्यालाही माहीत असावं.

माझं स्टॉपवॉच ३८.२ सेकंद दाखवत होतं. पार्टनर म्हणाला, “पंख्याचा वारा लागतोय.” पंखा बंद केला. ३८.२. दोरा पुन्हा मोजला. ३८.२. कधी ३८, कधी ३९ असं येतं तर हात थरथरतोय म्हणून सोडून दिलं असतं. पण हे नेमाने चुकत होतं, दर वेळी तेवढंच. आधीच्या बॅचचा एक मुलगा जर्नलवर सही घ्यायला आला होता, त्याने आमच्या वहीत डोकावून पाहिलं आणि डॉक्टरच्या थाटात औषध सांगितलं: “चाळीस पॉइंट दोन लिही. नऊशे सत्त्याहत्तर येतात. बरोब्बर नऊशे ऐंशी आणू नकोस, सर ओळखतात.”

मी ४०.२ लिहिलं. सरांनी लाल पेनने टिक मारली.

पुढची पाच वर्षं विज्ञान शाखेत काढली आणि असे कितीतरी आकडे शिजवले. ‘रीडिंग कुक करणं’ हा आमच्याकडे सर्रास वापरातला शब्द होता, आणि तो उच्चारताना कुणाचा आवाज खाली जात नसे. उत्तर आधी, मग त्यावरून निरीक्षणं, शेवटी कृती. उलट्या क्रमाने स्वयंपाक.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण माझा भाचा. तो नववीत आहे, आणि मोबाइलवर ‘मिथबस्टर्स’ या टीव्ही कार्यक्रमाचे जुने तुकडे बघत असतो. त्याला शाळेत कुणीतरी सांगितलं, की ही करमणूक आहे, खरं सायन्स नव्हे. त्याने मला विचारलं, “मामा, खरं नाही म्हणजे काय? स्फोट तर खराच होता ना?”

मला पटकन उत्तर देता आलं नाही, कारण या कार्यक्रमाशी माझं जुनं नातं आहे.

२००५ सालची गोष्ट. पुण्यात कॉट बेसिसवर राहत होतो, एका खोलीत चौघे आणि वर्गणी काढून घेतलेला सेकंडहँड टीव्ही. रात्री मेसवरून आलं की डिस्कव्हरीवर हिंदीत डब केलेला हा कार्यक्रम लागायचा. सॅन फ्रान्सिस्कोतलं एक वर्कशॉप, त्यात डोक्यावर बेरे टोपी आणि जाड मिशा असलेला गंभीर जेमी हायनमन, आणि सतत नाचणारा अ‍ॅडम सॅव्हेज. दोघेही शास्त्रज्ञ नव्हेत. सिनेमाच्या स्पेशल इफेक्ट्सचे कारागीर. हायनमनची पदवी तर रशियन भाषेतली. एखादी ऐकीव गोष्ट घ्यायची, ती करून बघायची, आणि शेवटी शिक्का मारायचा: खोटी, शक्य किंवा खरी. २००३ ते २०१६ त्यांनी हेच केलं. डिसेंबर २०११मध्ये त्यांचा एक तोफगोळा कॅलिफोर्नियातल्या डब्लिन गावात सरावाच्या मैदानाबाहेर उडाला, एका घरातून आरपार गेला आणि शेवटी एका उभ्या गाडीत जाऊन थांबला. कुणालाही इजा झाली नाही. प्रॅक्टिकलला आमची एक बीकर फुटली तरी दंड भरावा लागे.

आमच्या खोलीतला एक जण संख्याशास्त्रात एमएस्सी करत होता. कार्यक्रम बघताना तो मधूनमधून ‘हॅ’ करायचा. जांभईचा भाग लागला त्या रात्री मात्र तो कॉटवर उठून बसला.

दुसऱ्याने जांभई दिली की आपल्यालाही येते का, हा प्रश्न. त्यांनी ५० माणसं घेतली. ३४ जणांसमोर मुद्दाम जांभई दिली, १६ जणांसमोर दिली नाही, आणि मग कोण जांभया देतं ते लपून पाहिलं. जांभई बघितलेल्या ३४ पैकी १० जणांनी जांभई दिली, म्हणजे २९ टक्के. न बघितलेल्या १६ पैकी ४ जणांनी, म्हणजे २५ टक्के. चार टक्क्यांचा फरक. निकाल: खरी!

“अरे, कशाची खरी?” आमचा संख्याशास्त्रवाला ओरडला. “त्या सोळांतल्या अजून एकाला जांभई आली असती तर? सोळात पाच, एकतीस टक्के! मग काय, जांभई बघितली की जांभई थांबते म्हणणार?”

एवढं बोलून तो गप्प बसला असता तर मी विसरलो असतो. पण त्याने वहीचा कागद फाडून ५० चिठ्ठ्या केल्या. १४ चिठ्ठ्यांवर ‘जां’ लिहिलं, बाकी कोऱ्या. फराळाच्या रिकाम्या डब्यात सगळ्या टाकल्या, हलवल्या आणि मला म्हणाला, सोळा काढ. काढल्या. त्यात ‘जां’ पाच. परत टाक, परत काढ. चार. परत. तीन. रात्री साडेबारापर्यंत आम्ही चौघे चिठ्ठ्या काढत होतो. जवळजवळ निम्म्या वेळा सोळांत चार किंवा त्याहून कमी ‘जां’ येत होत्या. चिठ्ठ्यांना जांभईचा संसर्ग होत नाही. म्हणजे टीव्हीवर जो फरक ‘खरा’ ठरला, तो फराळाच्या डब्यातूनही नुसत्या योगायोगाने तितक्याच सहज निघत होता.

(चौथ्या मित्राला मध्येच जांभई आली, त्यावरून झालेला गोंधळ वेगळा.)

तर हे खरं विज्ञान होतं का? निष्कर्ष नक्कीच चुकीचा होता. पण गंमत अशी, की तो चुकीचा आहे हे आम्हाला कळलं ते त्यांनीच दिलेल्या आकड्यांवरून. ३४ पैकी १०, १६ पैकी ४. त्यांनी आकडे शिजवले नव्हते. २९ आणि २५ ऐवजी ६० आणि २० लिहायला त्यांना कोण अडवणार होतं? तिथे कुणी लाल पेनवाले सर नव्हते. मी अकरावीत ४०.२ लिहिलं होतं, आणि माझ्या जर्नलवरून माझी चूक कुणालाच, कधीही शोधता आली नसती.

सॅव्हेजचं एक वाक्य प्रसिद्ध आहे, की टाइमपास आणि विज्ञान यांत फरक एवढाच, विज्ञानात लिहून ठेवतात. वाक्य झकास आहे, टी-शर्टवर छापण्यासारखं. पण लिहून तर मीही ठेवलं होतं, सुवाच्य अक्षरात, समासासकट.

मराठीत एक छान अडचण आहे. ‘प्रयोग’ हा शब्द आपण प्रयोगशाळेसाठीही वापरतो आणि रंगमंचासाठीही. नाटकाचा पाचशेवा प्रयोग असतो आणि दोलकाचाही प्रयोग असतो. नाटकाच्या प्रयोगात शेवट ठरलेला. पाचशेव्या खेळालाही नायिका त्याच दारातून बाहेर पडणार, फक्त लोकांना आज ते पहिल्यांदा घडतंय असं वाटलं पाहिजे. आमचं प्रॅक्टिकल हे त्या अर्थाने शुद्ध नाट्यप्रयोग होतं. संहिता छापील, शेवट ९८०, प्रॉम्प्टिंगला आधीच्या बॅचचा मुलगा.

नाट्यप्रयोग वाईट असतो असं मात्र मी म्हणणार नाही. आमच्या गावच्या जत्रेत अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते आले होते. त्यातल्या एकाने नारळ हातात घेतला, काहीतरी पुटपुटला आणि शेंडीवर पाणी शिंपडलं. शेंडी भस्सकन पेटली. पुढच्या रांगेतल्या बायका मागे सरकल्या. मग त्याने शांतपणे सांगितलं, की शेंडीत सोडियमचा तुकडा होता. रॉकेलमध्ये ठेवतात तो, पाणी लागलं की पेट घेतो. शाळेत दाखवतील तेव्हा लांबून बघा. सोडियम पाण्याने पेटतो की नाही, हे तो काही शोधायला आला नव्हता. त्याला पक्कं ठाऊक होतं. पण नाटक संपल्यावर त्याने पडदा स्वतःच्या हाताने वर केला.

आणि १९९५चा २१ सप्टेंबर. गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या, तेव्हा मी आठवीत होतो आणि आईच्या पुढे चमचा धरून उभा होतो. चमचा खरंच रिकामा झाला. मला शहारा आला होता, खोटं कशाला बोलू. पुढे कळलं, की केंद्राच्या विज्ञान खात्यातल्या मंडळींनी दिल्लीतल्या एका देवळात दुधात रंग घातला होता. रंगीत दूध मूर्तीच्या सोंडेवरून खाली ओघळताना डोळ्यांना दिसलं. पांढऱ्या मूर्तीवर पांढरं दूध दिसत नव्हतं, एवढीच करामत. चमच्यातून ते ओढलं जात होतं पृष्ठताणाने. चिमूटभर रंग. यापेक्षा स्वस्त आणि यापेक्षा टीव्हीवर शोभणारा प्रयोग मला माहीत नाही, आणि त्याचा निकाल आधी ठरलेला नव्हता. दूध खरोखर आत जात असतं, तर रंगही आत गेला असता.

आता खोट्या स्फोटाबद्दल. भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पडला.

ब्रिटनमध्ये ‘ब्रेनिअ‍ॅक’ नावाचा कार्यक्रम लागायचा, मिथबस्टर्सचा वात्रट भाऊ म्हणा. त्यात अल्क धातू पाण्यात टाकून दाखवले. रसायनशास्त्रात शिकवतात, की लिथियम, सोडियम, पोटॅशियम, रुबिडियम, सीझियम असं खाली जाल तसे हे धातू जास्त आक्रमक होतात. मग सीझियमने तर पाण्याने भरलेला टब उडायलाच हवा. त्यांनी टाकला, आणि म्हणावा तसा धमाका झाला नाही. कॅमेरे लावलेले, टब भरलेला, सगळे कान झाकून उभे, आणि फुस्स. मग त्यांनी चक्क स्फोटकं लावून टब उडवला आणि तेच सीझियम म्हणून दाखवलं. ते उघडकीला आलं २००६मध्ये.

हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा मला आठवला तो आधीच्या बॅचचा मुलगा. अरे, चाळीस पॉइंट दोन लिही की.

त्यांच्या हातात तेव्हा काय आलं होतं ते बघा. पुस्तकाप्रमाणे व्हायला हवं ते होत नव्हतं. धातू बदलला की जोर का बदलतो, मुळात स्फोट होतोच का, हे रसायनशास्त्रालाही पुरतं ठाऊक नव्हतं. शाळेत सांगतात, की धातूच्या उष्णतेने पाण्यातला हायड्रोजन पेटतो. पण यात एक गोम आहे. धातू आणि पाणी यांची क्रिया सुरू झाली की मध्ये वाफेचा आणि हायड्रोजनचा थर तयार होणार, तो दोघांना लांब ढकलणार, आणि क्रिया मंदावणार. तव्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो चटकन उडून न जाता नाचत राहतो ना, तसंच. मग स्फोट कुठून?

हा प्रश्न सोडवला तो फिलिप मेसन याने. हा पेशाने रसायनतज्ज्ञ, पण जगाला माहीत आहे तो यूट्यूबवर व्हिडिओ टाकणारा म्हणून. प्रागच्या विज्ञान अकादमीत पावेल युंगविर्थ यांच्यासोबत त्याने सोडियम-पोटॅशियमच्या मिश्रधातूचे थेंब पाण्यात टाकले आणि हायस्पीड कॅमेऱ्याने चित्रण केलं. सुरुवातीचे प्रयोग संस्थेच्या बाल्कनीत झाले. थोडे पैसे त्याच्या यूट्यूब चॅनलमधून उभे राहिले. आणि चित्रणात दिसलं असं, की थेंब पाण्याला टेकल्यावर एका मिलिसेकंदाच्या आत त्याच्यातून काटे फुटतात. साळिंदरासारखे. हायड्रोजन पेटायच्याही आधी. धातूच्या पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन क्षणार्धात पाण्यात पळून जातात, मागे उरतात धन भाराचे अणू. एकाच भाराचे, म्हणजे एकमेकांचे वैरी. ते एकमेकांना इतक्या जोराने ढकलतात की थेंब फाटतो, धातूचा नवा पृष्ठभाग पाण्याला लागतो, आणि क्रिया मंदावण्याऐवजी भडकते. २०१५मध्ये हे ‘नेचर केमिस्ट्री’त छापून आलं.

पदार्थ त्याच घराण्यातला, पाणी तेच, कॅमेराही दोन्हीकडे, आणि प्रेक्षकांना भुरळ घालायची हौसही दोघांना. एकाने फुस्स झालं ते लपवलं. दुसऱ्याला पुस्तकातलं उत्तर बसेना, म्हणून तो बाल्कनीत जाऊन बसला.

म्हणून ‘करमणूक आहे, विज्ञान नव्हे’ हे वाक्य मला पटत नाही. करमणूक हा गुन्हाच नाही. फॅरेडे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मेणबत्ती घेऊन मुलांसमोर उभा राहायचा, ते काय होतं? मला खुपतं ते वेगळं. करमणुकीला काही प्रश्न चालतात आणि काही चालत नाहीत, हे आपण विसरतो.

२००८मध्ये जयंत नारळीकरांनी, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, ज्योतिषाचे चिकित्सक प्रकाश घाटपांडे वगैरेंना घेऊन पुण्यात एक चाचणी केली. १०० हुशार मुलं आणि १०० मतिमंद मुलं, अशा २०० कुंडल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या ४० पाठवायच्या, आणि कुठली कुणाची ते ओळखायला सांगायचं. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. ४० पैकी सरासरी २० सुद्धा बरोबर आली नाहीत, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी भागलं असतं. एका संस्थेने सगळ्या २०० कुंडल्या मागून घेतल्या. तिची १०२ उत्तरं बरोबर. हे टीव्हीवर कसं दाखवणार? पाकिटं, तिकिटं, तक्ते. कुठली कुंडली कुणाची हे पाठवणाऱ्यालाही कळू नये, म्हणून घेतलेली काळजी. न्यूज चॅनलना यापेक्षा एक ज्योतिषी आणि एक कार्यकर्ता समोरासमोर बसवून भांडण लावणं कितीतरी सोपं. आमच्या फराळाच्या डब्याचाही एपिसोड झाला नसता.

तरीही, मिथबस्टर्सच्या बाजूने एवढं म्हणावंच लागतं, की ते माघारी यायचे. पावसात पळालं तर जास्त भिजतो की चाललं तर? सुरुवातीला कृत्रिम पाऊस पाडून, कपड्यांचं वजन करून त्यांनी सांगितलं, पळणारा जास्त भिजतो. पुढे पुन्हा केलं, उलटं आलं, आणि त्यांनी ते उलटं आलं म्हणून दाखवलं. आर्किमिडीजने आरशांनी शत्रूची जहाजं जाळली ही दंतकथा त्यांनी २००४मध्ये खोटी ठरवली. अमेरिकेतल्या एमआयटीच्या विद्यार्थ्यांना ते पटलं नाही. त्यांनी १२७ आरसे लावून लाकडी जहाजाची प्रतिकृती पेटवून दाखवली. यांनी त्यांना बोलावून घेतलं, खऱ्या जुन्या बोटीवर पुन्हा करून बघितलं, आणि पुन्हा खोटीच ठरवली. २०१०मध्ये ओबामांच्या सांगण्यावरून तिसऱ्यांदा, या वेळी ५०० माणसं आरसे घेऊन उभी. तरीही नाहीच. आमच्या कॉलेजात कुणी सरांना म्हणालं असतं, की तुमचं पटत नाही, पुन्हा करून बघू या? लॅबची वेळ संपली, असं उत्तर आलं असतं.

परवा भाच्याने रील बनवायचं ठरवलं, ‘घरच्या घरी पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण’. दोलक मीच सुचवला. बाल्कनीच्या ग्रिलला दोरा, त्याला ट्रंकेचं कुलूप, ताईच्या शिवणाच्या टेपने मोजून बरोब्बर एक मीटर. मोबाइल समोर खुर्चीवर, पुस्तकांना टेकवून. त्याने कुलूप ओढलं, सोडलं, वीस मोजले. ३८.३१ सेकंद. गणित केलं तर १०७६.

माझ्या पोटात खड्डा पडला. पंचवीस वर्षं झाली, तेच भूत.

“मामा, गुगलवर तर नऊशे ऐंशी दाखवतंय,” तो म्हणाला. आणि मग अगदी सहज, “आपण चाळीस सेकंद आले असं बोलायचं का? कट मारता येईल.”

मी म्हटलं, आधी व्हिडिओ लाव.

आम्ही दोघांनी तो बघितला. वारा नव्हता. दोरा सरकत नव्हता. दुसऱ्यांदा बघितला. तिसऱ्यांदा मी नुसता आवाज ऐकत होतो. कुलूप हातातून सुटलं त्याच क्षणी भाचा म्हणाला, “एक.”

सुटलं तेव्हा एक. एक झोका पुरा होऊन परत आलं तेव्हा दोन. म्हणजे तो वीस म्हणाला तेव्हा कुलपाचे झाले होते एकोणीस. सुरुवात शून्यापासून करायला हवी होती.

मी त्याच्याकडून पेन घेतलं आणि टेपच्या पाकिटावर ३८.३१ ला एकोणीसने भागलं. ‘जी’ आला ९७१. मग त्याच्याच खाली, तो काय बडबडतोय तिकडे लक्ष न देता, ३८.२ लिहिलं. त्यालाही एकोणीसने भागलं. ९७७.

“हे कुणाचं?” त्याने विचारलं.

“माझं. अकरावीतलं.”

“मग बरोबर होतं की! तुला किती मिळालेले?”

“दहापैकी दहा,” मी म्हटलं. “पण ते या आकड्याला नव्हते.”